रुमालाची गाठ

२२ जुलै २०२१ रोजी पहाटे वाशिष्ठीचे पाणी चिपळूणला माझ्या मामाच्या घरात शिरले. दुसऱ्या दिवशी ते ओसरले, तेव्हा खालच्या खोलीतले पुस्तकांचे कपाट जागेवर उभेच होते. आम्ही दार उघडले, पण आतले एकही पुस्तक हाताला येईना. भिजलेला कागद फुगतो, आणि वर्षानुवर्षे शेजारी शेजारी उभी राहिलेली ती पुस्तके फुगून एकमेकांत अशी रुतली होती की शेवटी कपाटाच्या बाजूच्या फळ्या ठोकून काढाव्या लागल्या. मामा निवृत्त शिक्षक, विषय इतिहास. काचबिंदूने त्याची दृष्टी तोवर इतकी गेली होती की उजेड आणि सावली याखेरीज त्याला काही कळत नसे. तो पायरीवर बसून होता आणि आम्ही बाहेर आणलेल्या एकेका चिखलाच्या गठ्ठ्यावर हात फिरवून, जाडीवरून आणि पुठ्ठ्याच्या कडेवरून, पुस्तकाचे नाव सांगत होता. एका जाड गठ्ठ्यावर त्याचा हात बराच वेळ थांबला. "हे राजवाडे," तो म्हणाला. "प्रस्तावना आहे यात. हे वाळेल का गं?"

ते वाळले नाही. त्या दिवसांत गावात जे वाळले नाही, त्याची यादी फार मोठी आहे. १८६४ साली सुरू झालेल्या चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरले होते आणि तिथली हजारो पुस्तके गेली. २००५ च्या पुराचा तडाखा त्या वाचनालयाने आधीच सोसलेला होता. ज्या पुस्तकाची जगात दुसरी प्रत नाही किंवा कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही, त्याचे आयुष्य नदीच्या एका रात्रीच्या मर्जीवर असते, हे मी त्या आठवड्यात शिकले. आधी ते मला माहीत होते, शिकले तेव्हाच.

मामाला त्या पुस्तकाचे एवढे का, हे सांगायला विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड छापला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे थेट पानिपतापर्यंतची, अस्सल पत्रे होती, आणि त्यांना राजवाड्यांची दीर्घ प्रस्तावना होती. मामाचे पुस्तक म्हणजे हाच खंड. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. त्या काळी हे कागद सरकारी ग्रंथालयांत नव्हते. जुन्या सरदारांच्या, कुळकर्ण्यांच्या, देशमुखांच्या वाड्यांतल्या माळ्यांवर ते पडून होते, कापडाच्या चौकोनी तुकड्यांत बांधलेले. या बांधणीला आपल्याकडे रुमाल म्हणतात. एका रुमालात शेकडो कागद. राजवाडे गावोगाव हिंडले, ज्याच्या घरी रुमाल असल्याचे कळे त्याच्या दारात जाऊन बसले आणि ज्याने सोडू दिला त्याचा रुमाल सोडून त्यातला मोडी मजकूर बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून घेत राहिले. अनेकांनी रुमाल सोडू दिला नाही. कुणाला वतनाच्या भांडणाची भीती, कुणाला पूर्वजांची अब्रू जाईल अशी शंका, कुणाला केवळ सवय. दरम्यान वाळवीला कुणाची परवानगी लागत नव्हती.

राजवाड्यांच्या कामाचा जो भाग मामाला सर्वात मोठा वाटतो, तो मलाही आता वाटू लागला आहे. त्यांनी मिळवलेले कागद स्वतःच्या पेटीत ठेवले नाहीत. छापले, आणि जसेच्या तसे छापले. त्यांच्या निष्कर्षांशी वाद घालणाऱ्याला वाद घालायला लागणारा पुरावा त्यांनी स्वतःच हातात दिला. १९१० साली त्यांनी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, तेही याच कामासाठी: ज्याला कागद सापडेल त्याने तो सभेत आणून वाचावा आणि तो छापला जावा. पुढे मंडळाशी त्यांचे पटले नाही, ते धुळ्याला गेले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले. पण वर्गणीवर आणि देणगीवर चालणारी एक संस्था त्यांच्या मागे राहिली, आणि धुळ्याला त्यांच्या नावाने दुसरीही उभी राहिली.

त्याच काळात पुण्यातच पेशवे दप्तर सरकारच्या कुलपात होते. राज्य गेल्यावर इंग्रजांच्या ताब्यात आलेले हे हजारो रुमाल परवानगी मिळालेल्या मोजक्या लोकांखेरीज कुणाला पाहता येत नसत. जुन्या इनामांचे दावे पुन्हा उभे राहतील, ही सरकारची एक मोठी धास्ती होती. इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांना तिथे निवडीचे काम मिळाले आणि १९३० ते १९३४ या वर्षांत पेशवे दप्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापून निघाले. तोवर राजवाडे हयात नव्हते. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांचे रुमाल सोडले, त्याच्या गावातला सर्वात मोठा रुमाल त्याच्या हयातीत सुटला नाही. हे वाक्य मामा वर्गात सांगत असे, असे त्याचे विद्यार्थी मला सांगतात.

पूर ओसरल्यावर महिनाभराने मी राजवाड्यांचे पुस्तक शोधायला बसले आणि ते अर्ध्या तासात सापडले. अमेरिकेत १९९६ साली ब्रूस्टर काल यांनी सुरू केलेल्या इंटरनेट आर्काइव्ह या ना-नफा संस्थेच्या संग्रहात त्याची छायाप्रत होती. तिथे ती कशी पोचली, तेही त्या पानावरून कळत होते. भारत सरकारच्या पाठबळाने आपल्याकडे 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' नावाचा प्रकल्प झाला होता, ज्यात देशभरच्या ग्रंथालयांतली जुनी पुस्तके पान न पान उघडून यंत्राखाली धरली गेली. पुढे तो संग्रह वापरणे अवघड होत गेले, आणि कार्ल मालामुद यांच्या 'पब्लिक रिसोर्स' या छोट्या ना-नफा संस्थेने त्यातल्या चार लाखांहून अधिक पुस्तकांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर नेऊन ठेवल्या. अनेक मराठी पुस्तकांची नावे तिथे रोमन लिपीत, कुणीतरी घाईने कानावर पडेल तशी लिहिलेली आहेत, त्यामुळे शोधणाऱ्याला दहा प्रकारची चुकीची स्पेलिंगे घालून पाहावी लागतात. तरीही मी त्या अनाम हातांची ऋणी आहे. काही पानांच्या कडेला पान दाबून धरणाऱ्याचा अंगठाही दिसतो. त्या अंगठ्याकडे पाहून मला दरवेळी बरे वाटते.

मी फाइल उतरवून घेतली, मामाच्या संगणकावर घातली आणि त्याला म्हणाले, "मामा, तुझे राजवाडे आले."

मामा संगणक ऐकून वापरतो. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी एनव्हीडीए नावाची प्रणाली त्याच्याकडे आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी ती घडवली आणि एका ना-नफा संस्थेमार्फत जगभर फुकट वाटली; अशा प्रणाली त्याआधी विकत घ्यायच्या तर संगणकाइतकाच खर्च येई. मामाने कळ दाबली. संगणक इंग्रजीत काहीतरी पुटपुटला, पानाचा क्रमांक बोलला आणि थांबला. मामाने पुन्हा कळ दाबली. पुढचा क्रमांक, पुन्हा शांतता. पाचशे पानांचे पुस्तक होते आणि त्यात यंत्राच्या लेखी एकही अक्षर नव्हते, होती ती पाचशे चित्रे. मला पडद्यावर प्रत्येक ओळ स्वच्छ दिसत होती. मामा कळ दाबत राहिला, बहुधा दहाव्या पानापर्यंत, मग हात मांडीवर घेऊन म्हणाला, "रुमाल आला गं, पण गाठ आहे अजून."

मुक्त ज्ञान, खुली माहिती हे शब्द आपण आता सहज वापरतो. मीही वापरत होते, आणि माझी समजूत अशी होती की पुस्तक इंटरनेटवर चढले म्हणजे ते खुले झाले. त्या दुपारी ती समजूत गेली. छायाप्रत म्हणजे काचेच्या दाराचे कपाट आहे. बाहेरून पुस्तके दिसतात आणि दिसतात म्हणून कपाट उघडेच आहे असे वाटते. पण त्या पाचशे पानांत 'वसई' हा शब्द कुठे आहे ते शोधता येत नाही, त्यातला उतारा घेऊन विद्यार्थ्याला टिपणात घालता येत नाही, अक्षर मोठे करून वाचायचे तर ओळ पडद्याबाहेर जाते, आणि ज्याला दिसत नाही त्याच्या हाती काहीच लागत नाही. चित्राचे अक्षर होते तेव्हा पुस्तक उघडते, आणि ते काम अजून तरी माणसाच्या डोळ्यांवाचून होत नाही.

हे काम मराठीत कुठे चालते, याचा शोध घेताना मी विकिस्रोतावर पोचले. विकिपीडिया चालवणाऱ्या, २००३ साली स्थापन झालेल्या विकिमीडिया फाउंडेशनचाच तो एक प्रकल्प; जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांवर, आणि काम करणारे सगळे आपखुशीने करणारे. मराठी विकिपीडियाही त्याच वर्षीच्या मे महिन्यात सुरू झाला होता, पण त्याच्या या धाकट्या भावंडाविषयी शिक्षकी पेशात इतकी वर्षे काढूनही मी फारसे ऐकले नव्हते. इथली रीत सोपी आहे. डाव्या-उजव्या बाजूला एकाच पानाची दोन रूपे उघडतात, एकीकडे छायाचित्र आणि दुसरीकडे यंत्राने ओळखलेली अक्षरे. छायाचित्र पाहून अक्षरे सुधारायची आणि जतन करायचे. जे पान अजून तपासलेले नाही त्याची खूण लाल, एकाने तपासले की पिवळी, आणि दुसऱ्या माणसाने ते पुन्हा तपासून प्रमाणित केले की हिरवी. आपण पिवळे केलेले पान आपल्याला हिरवे करता येत नाही. त्याला दुसराच कुणीतरी लागतो. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. आमच्या शाळांत पेपर तपासणीला तो असता तर अनेक मुलांचे भले झाले असते.

यंत्राने ओळखलेली जुनी मराठी छपाई कशी दिसते, ते एकदा जवळून पाहावे. खिळ्यांच्या छपाईत शाई कुठे पसरलेली, कुठे उडालेली. अ, ल, श यांची वळणे आजच्या फाँटपेक्षा निराळी. यंत्र भ ला म समजते, घ ला ध, ष ला प, आणि ख चे दोन तुकडे करून रव लिहिते. पानिपतावरच्या एका पानात भाऊसाहेबांचे सगळीकडे माऊसाहेब झाले होते. 'दुसऱ्या'मधला तो चंद्रकोरीसारखा र तर बहुतेक वेळा नाहीसाच होतो. सुरुवातीला मला एका पानाला पाऊण तास लागे. आता पंचवीस मिनिटांत होते.

पण माझी खरी चूक यंत्राच्या चुकांपेक्षा मोठी होती. मी तीस वर्षे मराठी शिकवले. लाल पेन हा माझ्या बोटांचा भाग झाला होता. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि जे अनुस्वार उच्चारले जात नाहीत ते लिहिण्यातून गेले; मी शिकले आणि शिकवले ते त्यानंतरचे. राजवाड्यांच्या पानावर मात्र 'नाहीं', 'कांहीं', 'तें केलें', 'लढाईंत' असे टिंबांचे चांदणे पसरलेले. यंत्राने त्यातली निम्मी टिंबे आधीच गाळली होती, आणि उरलेली निम्मी मी, हाताच्या सवयीने, वाचता वाचता पुसत गेले. अशी अकरा पाने मी पिवळी केली. बाराव्या दिवशी माझ्या चर्चापानावर एका अनोळखी स्वयंसेवकाचा निरोप होता. अतिशय सौम्य शब्दांत त्याने, किंवा तिने, लिहिले होते की ताई, पुस्तक जसे छापले आहे तसेच ठेवावे. त्यात चूक असेल तर तीही पुस्तकाची आहे, आपली नाही. खाली एक उदाहरण होते. माझ्या सहाव्या पानावर मी 'तें'चे 'ते' केले होते. जुन्या लेखनात 'तें' म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन, आणि 'ते' म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन किंवा आदरार्थी. राजवाडे एका पत्राविषयी बोलत होते. माझ्या एका टिंबामुळे ते माणसांविषयी बोलू लागले होते.

मला लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती. ज्या माणसाने इतरांचे कागद काना-मात्रा न बदलता छापले, त्याचाच कागद मी बदलत होते. ती अकरा पाने मी पुन्हा केली. त्या निरोप पाठवणाऱ्या व्यक्तीचे खरे नाव मला आजही माहीत नाही, पण माझ्या मराठीच्या गुरूंमध्ये मी त्या व्यक्तीला धरते.

जाता जाता एक गोष्ट इथे लिहिली पाहिजे, कारण कुलपाची बाजूही खरी असते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षरांची अदलाबदल करून सिद्ध केलेल्या त्या लिप्या पंथाबाहेरच्याला वाचता येत नसत, त्यामुळे लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा आरंभीचा ग्रंथ शतकानुशतके मराठी माणसांना ठाऊकच नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी ही लिपी उलगडली आणि आपल्या भाषेच्या इतिहासाचे पहिले पान बदलले. हे भावे म्हणजे १८९३ मध्ये ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करणाऱ्यांपैकी एक. तरीही त्या सांकेतिक लिपीला मी दोष देत नाही. छळाच्या भीतीने आणि श्रद्धेने ज्यांनी ग्रंथ झाकले, त्यांनी ते जपलेही. पोथी सोवळ्यात ठेवणारी प्रत्येक व्यक्ती ज्ञानाची शत्रू नसते. पुष्कळदा ती फक्त घाबरलेली असते.

हे मला एका संस्थेच्या बाबतीत आठवावे लागले. माझ्या प्रतीत दोन पाने फाटलेली होती, आणि त्या आवृत्तीची चांगली प्रत एका जुन्या संस्थेत असल्याचे समजले. मी अर्ज केला, दोन पानांची छायाचित्रे मागितली, लागेल ते शुल्क भरण्याची तयारी दाखवली. अर्ज बैठकीपुढे ठेवू, असे उत्तर आले. बैठक झाली की नाही ते कळले नाही. तीनदा फोन केला, एकदा स्वतः गेले. पुस्तक काचेतून दिसत होते. किल्ली ज्यांच्याकडे असे ते त्या दिवशी नव्हते. परत येताना मला संताप आला होता, पण त्या वाचनदालनात गळक्या छपराखाली ठेवलेली बादली आणि एकाच पगारी कर्मचाऱ्यावर चाललेला सगळा कारभारही मी पाहिला होता. ज्यांच्याकडून पूर्वी कुणी कागद नेऊन परत आणले नाहीत, ते हात आखडतात. तरीही मला वाटते की पुस्तकाची प्रत देणे ही सर्वांत मोठी राखण आहे, आणि चिपळूणच्या पुरानंतर हे मत माझ्यापुरते वादाचे राहिलेले नाही. ती दोन पाने शेवटी मला परगावच्या एका वाचकाने स्वतःच्या प्रतीतून काढून पाठवली.

कायद्याचे ज्ञान मला या कामापायीच झाले. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क राहत असे. रवींद्रनाथ ठाकुरांचे साहित्य मुक्त होण्याची वेळ आली तेव्हा ही मुदत साठ वर्षांची झाली, आणि १९९२ पासून सर्वांनाच ती लागू आहे. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून होते. राजवाडे डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी गेले, म्हणून त्यांची पन्नास वर्षे दुसऱ्याच दिवशी मोजायला लागली आणि १९७७ उजाडताच त्यांच्या हयातीतले लेखन सर्वांचे झाले. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळे आहे. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०३० च्या पहिल्या दिवसाची वाट पाहायची.

जिवंत लेखकाला त्याच्या लेखणीचे पैसे मिळाले पाहिजेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. नव्या कादंबरीची चोरटी पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरवणारा माणूस ज्ञानाचा प्रसार करत नाही, एका लेखकाचे नुकसान करतो. माझे दुःख त्या मधल्या पुस्तकांसाठी आहे, जी विकलीही जात नाहीत आणि मोकळीही नाहीत. समजा एखादा अभ्यासक १९८० मध्ये गेला. त्याचे पुस्तक एका आवृत्तीनंतर पुन्हा निघाले नाही, प्रकाशन बंद पडले, मुले परगावी. ते पुस्तक २०४१ पर्यंत कुणाला कायदेशीरपणे चढवता येत नाही, आणि तोपर्यंत त्याचा कागद टिकेल याची हमी कुणी देत नाही. अशा लेखकांच्या वारसांनी एवढे केले तरी पुष्कळ होईल की, खुल्या परवान्याखाली पुस्तक देत असल्याचे एक पत्र लिहावे. लेखक हयात असेल तर आपल्या कायद्याच्या एकविसाव्या कलमात त्याला स्वतःचा हक्क सोडून देण्याचीही सोय आहे. ती फार थोड्यांना माहीत असते.

मामासारख्यांसाठी मात्र कायद्याने एक दार आधीच उघडले आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात आणायला हक्कधारकाची परवानगी लागत नाही. पुढच्या वर्षी मोरोक्कोतल्या माराकेशला याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. पण परवानगी लागत नाही म्हणजे काम झाले, असे होत नाही. कुणीतरी पानासमोर बसावे लागतेच. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, तेवीस खंडांचा, आज संगणकावर अक्षररूपात वाचता येतो तो यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने तो उतरवून घेतला म्हणून. त्यामागे किती माणसांची किती टंकलेखनाची दुपार गेली असेल, याचा हिशेब कुठे छापलेला मी पाहिलेला नाही.

माझ्या पिवळ्या पानांपैकी पहिले पान हिरवे झाले तेव्हा मी ते मामाला ऐकवायला चिपळूणला गेले. खालची खोली पुन्हा रंगवलेली होती. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ मामीने मुद्दाम ठेवली आहे, तिच्या वरच्या फळीवर आता संगणक असतो. मामाने कळ दाबली आणि या वेळी यंत्र थांबले नाही.

यंत्राचा आवाज कोरडा असतो, पण त्याचा एक गुण माझ्या ध्यानात आला नव्हता. आपण माणसे जुने पुस्तक वाचताना ती टिंबे डोळ्यांनी पाहतो आणि तोंडाने गाळतो. यंत्र काही गाळत नाही. 'नाहीं' आले की ते नाकातून 'नाहीं' म्हणते, 'तें' आले की 'तें'. मी काळजीत पडले की मामाला हे खटकेल. तो कान देऊन ऐकत होता. एक परिच्छेद संपला, तसे त्याने यंत्र थांबवले आणि म्हणाला, "अगं, ही आमची आजी बोलतेय."

कोकणात जुन्या बायकांच्या बोलण्यात हे अनुस्वार कालपरवापर्यंत जिवंत होते. मामाची आजी, म्हणजे माझी पणजी, 'तें घे, इथें ठेव' असेच म्हणायची. तो उच्चार मामाने पासष्ट वर्षे ऐकला नव्हता. जी टिंबे मी निरुपयोगी म्हणून पुसून टाकली होती, त्यांत एका माणसाची आजी होती. त्या अनोळखी स्वयंसेवकाने मला वेळेवर थांबवले नसते तर मामाला राजवाडे ऐकू आले असते, पण ती ऐकू आली नसती.

मग मामाने पान पुन्हा पहिल्यापासून लावले. तिसऱ्या ओळीवर त्याने हात वर केला. "इथे काहीतरी चुकलंय. 'धरून' नाही, 'घेरून' असणार. फौज घेरून बसली होती." मी छायाचित्र उघडून पाहिले. घ वरची शाई उडाली होती, मात्रा अर्धी तुटलेली होती, आणि मी, यंत्र आणि तो दुसरा तपासणारा, तिघेही तिथून पुढे गेलो होतो. ज्याला पान दिसत नव्हते त्याला ती चूक ऐकू आली. मी दुरुस्ती केली आणि त्याला वाचून दाखवली.

तेव्हापासून आमची कामाची पद्धत ठरून गेली आहे. मी पुण्याहून पाने तपासते आणि संध्याकाळी मामाला पाठवते. तो ती ऐकतो आणि फोनवर चुका सांगतो. पाचशे पानांपैकी एकशे चौदा पाने झाली आहेत. काल रात्री त्याचा फोन आला. पानिपताआधीची पत्रे आता सुरू होतील ना, त्याने विचारले, आणि ती पाने सलग पाठव म्हणाला, तोडून तोडून नको.